चीक

अजमानच्या सनैयात, टायरवाल्यांच्या गल्लीमागे,
आमच्या कारखान्याला पाटी लागत नाही.
बस वळली की आधी पुदिना येतो,
मग गेट, मग वॉचमन.

मी मिक्सरवर. रात्रपाळी.
पोती फाडून बेस ओततो : पिवळट गोळ्या,
भिजल्या साबुदाण्यासारख्या, चव कशाचीच नाही.
वाफेवर तासाभरात त्यांचा चिवट लगदा होतो.
मग पिठीसाखर, ग्लुकोजचा पाक, ग्लिसरीन,
आणि शेवटी, तोंड फिरवून, वासाची बाटली.
आत दोन पोलादी पाती फिरतात,
वाटणीच्या दिवशीच्या भावांसारखी,
एकाच परातीत, एकमेकांना पाठ देऊन.

तोफज्जल लादी लाटतो, भुकटी भुरभुरतो.
मग दोन दिवस थंड खोलीत निजवायची.
घाई केली तर दाताखाली भुगा.
पुढे रोडेलचे ढोल :
पाक, वारा, पाक, वारा, चाळीस वेळा.
आमच्याकडे संक्रांतीचा हलवा असाच फुलवतात,
फक्त तिथं काटा यावा म्हणून जागतात.
इथं काटा आला की माल बाद.

ट्रेनिंगला केमिस्ट बाई आल्या, मादाम नुहाद, बैरूतच्या.
पडद्यावर जंगल. एक माणूस दोराला टांगलेला,
हातात कोयता, खोडावर नागमोडी खाचा,
खाली पिशवीत दूध ठिबकतंय.
पूर्वी च्युइंगम ह्यातून यायचं, त्या म्हणाल्या.
मी पान ओळखलं.
उठून उभा राहिलो. म्हटलं, मॅडम, हे आमचं झाड.
सगळे हसले. रोडेल तर टेबल बडवून.

घोलवडला बासष्ट आहेत.
सालीला नख लागलं तरी अण्णा ओरडायचे.
कच्चा चिकू चोरून खाल्ला की ओठ शिवले जायचे,
आई खोबरेल लावून ते उसवायची,
आणि वर एक धपाटा.

आणि आता कशातून येतं, मॅडम?
त्यांनी पेनानं फरशीकडे दाखवलं.
फरशीखाली वाळू. वाळूखाली मला कळलं.

शुक्रवारी बखीतच्या दुकानात बसतो, जुन्या सूकमध्ये.
तो ढोफारचा. लुबान विकतो, तोलताना बोलत नाही.
मी आमची एक पट्टी दिली.
दोनदा चावून त्यानं ती कागदात गुंडाळली,
जपून, आजाऱ्याचं औषध ठेवावं तशी.
मग माझ्या तळहातावर एक हिरवट खडा ठेवला.
आधी कडू. मग भुसा. आता थुंकणार,
तोच तो दाताखाली एक झाला
आणि कुठूनसा लिंबाचा पाला चुरगळल्याचा वास आला.
ह्याला कारखाना नाही? मी विचारलं.
बकऱ्या आहेत, बखीत म्हणाला,
त्यांच्यापासून झाड राखणं हाच कारखाना.

मे महिन्यात सुट्टीवर गेलो.
अण्णा झोपलेले बघून कुंपणाकडच्या झाडाला
खाच दिली, पडद्यावरच्यासारखी.
दूध आलं. चहाच्या पातेल्यात आटवलं.
पातेलं गेलं, ते वेगळं.
हाती आली बोराएवढी राखाडी गोळी.
मागे अण्णा उभे.
बोलले नाहीत. आधी शेणमाती कालवून
झाडाची जखम लिंपली,
मग हात पुढे केला : आण.
अर्धी मी, अर्धी ते.
चव कशाचीच नाही.
थोड्या वेळानं कवळीसकट बाहेर आली ती.
तांब्यात कवळी धूत विचारलं,
आणि ह्याचे तुला देतात किती?
मी आकडा सांगितला, दिरहॅममध्ये.
त्यांनी रुपये नाही विचारले.

माझी अर्धी खिशात राहिली.
सामानाच्या यंत्राला दिसली नाही.
मध्यरात्रीच्या बॅचमध्ये, आठशे किलोत, सोडली.
पाती एकदा अडखळली, किंवा मलाच तसं वाटलं.
ती बॅच बसऱ्याला गेली की मोंबासाला, माहीत नाही.
रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना असतो :
इतर घटक.
मी लिहिलं, निरंक.